जपानांतील चिनी विद्यार्थी

परदेशीं विद्या संपादन करण्यास गेलेल्या तरुणांचा इतिहास बहुधा त्यांच्या पदव्यांवरून लिहिला जातो. कोण कोणत्या विद्यापीठांत गेला, कोणती परीक्षा उतरला आणि परत येऊन कोणत्या पदावर चढला, एवढें सांगितलें म्हणजे चरित्रकाराचें कर्तव्य संपतें. तो राहत कोठें होता, जेवीत काय होता, सुटीच्या दिवशीं कोठें फिरावयास जात असे, रस्त्यांतील पोरें त्याला पाहून काय ओरडत, या गोष्टी क्षुल्लक म्हणून गाळल्या जातात. वास्तविक पाहतां परक्या देशाची खरी ओळख याच क्षुल्लक गोष्टींतून होते. व्याख्यानगृहांत जें शिकविलें जातें तें पुष्कळसें ग्रंथांतूनहि मिळण्यासारखें असतें. या विधानाचा पडताळा पाहण्यास विसाव्या शतकाच्या आरंभीं जपानांत राहिलेल्या चिनी विद्यार्थ्यांच्या इतिहासासारखें दुसरें साधन क्वचितच सांपडेल.

१८९४-९५ च्या युद्धांत जपाननें चीनचा पराभव केला. ज्या देशानें आपल्यापासून लिपि घेतली, कन्फ्यूशिअसचें तत्त्वज्ञान घेतलें, त्याच देशानें आपल्याला धूळ चारावी हा आघात चिनी पंडितांस विलक्षण वाटला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९६ सालीं, मांचू सरकारनें तेरा तरुण विद्यार्थी जपानला धाडले. ज्यूदोचे जनक म्हणून जगास ठाऊक असलेले कानो जिगोरो हे त्या वेळीं तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते. या मुलांची व्यवस्था त्यांच्याकडे सोंपविण्यांत आली. परंतु तेरांपैकीं कांहीं जण थोड्याच आठवड्यांत परत गेले. कारणें दोन: जेवण मानवेना, आणि पाठीवर रुळणारी लांब वेणी पाहून रस्त्यांतील पोरें टवाळी करीत, ती सहन होईना.

तरीहि ओघ वाढतच गेला. प्रांताधिपति चांग च-तुंग यांनीं १८९८ सालीं जपानच्या बाजूनें जी कारणें मांडलीं तीं मोठीं व्यवहारी होतीं. जपान जवळ आहे, म्हणून खर्च थोडा. लिपि पुष्कळशी तीच, म्हणून भाषा लवकर येते. आणि पाश्चात्त्य ग्रंथांतील सार जपान्यांनीं आधींच निवडून ठेवलें आहे. १९०५ सालीं चीनमधील शेंकडों वर्षांची जुनी राजपरीक्षा रद्द झाली आणि सरकारी नोकरीची वाट परदेशच्या शिक्षणांतून जाऊं लागली. त्या सुमारास जपानांतील चिनी विद्यार्थ्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली होती. यांतले पुष्कळ जण थोड्या महिन्यांचे ‘जलद अभ्यासक्रम’ आटोपून परतणारे होते. ज्ञानापेक्षां प्रमाणपत्राची घाई अधिक, हा रोग कांहीं एकाच देशाचा नव्हे.

या विद्यार्थ्यांची वस्ती तोक्योच्या कांदा भागांत दाट होती. तेथें त्यांचें स्वतःचें विद्यार्थिभवन होतें, चिनी खाणावळी निघाल्या होत्या आणि जुन्या पुस्तकांचीं दुकानें होतीं. नव्यानें आलेल्या मुलाला पहिले धडे वर्गांत नव्हे, बिऱ्हाडांतच मिळत. जोडे बाहेर काढून चटईवर बसावयाचें, खुर्ची नाहीं, पलंग नाहीं. स्नानासाठीं गल्लींतल्या सार्वजनिक स्नानगृहांत जावयाचें. चमचमीत, तेलांत परतलेल्या पदार्थांची संवय असलेल्या जिभेला गार भात, खारवलेलीं लोणचीं आणि कच्ची मासळी गोड करून घ्यावयाची. चिनी खाणावळींना एवढी भरभराट कां आली, हें निराळें सांगावयास नको.

१९०२ च्या एप्रिलांत योकोहामा बंदरांत उतरलेला चौ शू-रेन नांवाचा वीस वर्षांचा तरुण या मेळाव्यांतीलच एक होता. पुढें ‘लू शुन’ या टोपणनांवानें तो आधुनिक चिनी वाङ्मयाचा अग्रणी ठरला. कानो यांनीं चिनी मुलांसाठीं चालविलेल्या कोबुन गाकुइन या शाळेंत तो दाखल झाला. त्यानें या दिवसांच्या ज्या आठवणी लिहून ठेविल्या त्यांत वर्गांतील पाठांपेक्षां बाहेरचीं दृश्येंच अधिक ठसठशीत आहेत. उएनो बागेंत चेरी फुलली म्हणजे चिनी विद्यार्थ्यांचे थवे तेथें जमत. वेणीचा अंबाडा घालून त्यावर विद्यार्थ्याची टोपी चढविल्यामुळें तिला जो उंचवटा येई त्याला लू शुननें फुजी पर्वताची उपमा दिली आहे. विद्यार्थिभवनांत सकाळीं पुस्तकें चाळावयास मिळत. पण संध्याकाळीं माडीवर नृत्याचे धडे सुरू होत, तक्तपोशी दणाणे आणि खोलीभर धूळ उडे. देश बुडत असतां हे नाचतात, हा त्याच्या मनांतला सल त्या विनोदी वर्णनाखालीं लपलेला आहे. १९०३ सालीं त्यानें स्वतःची वेणी कापून टाकली. ती मांचू राज्यकर्त्यांनीं सतराव्या शतकांत चिनी लोकांवर लादलेली खूण होती. म्हणून कात्रीचा तो एक आवाज राजद्रोहाचाच होता. मात्र मायदेशीं परततांना शांघायमध्यें त्याला एक खोटी वेणी विकत घ्यावी लागली!

सहलींतहि शिक्षण होतें, पण योजकांस अभिप्रेत होतें तेंच होतें असें नाहीं. एके दिवशीं शाळेच्या व्यवस्थापकांनीं मुलांस गोळा करून ओचानोमिझु येथील कन्फ्यूशिअसच्या मंदिरास वंदन करून येण्यास सांगितलें. लू शुन चकित झाला. कन्फ्यूशिअसला कंटाळून तर तो घर सोडून आला होता. आणि येथें परक्या भूमींत त्यालाच पुन्हां नमस्कार!

दुसरी एक घटना अधिक कडवट आहे. १९०३ सालीं ओसाका येथें पांचवें राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलें. त्याच्या शेजारींच ‘मानववंशशास्त्र-मंडप’ या नांवाखालीं निरनिराळ्या जातींचीं जिवंत माणसें तिकीट लावून दाखविण्याची योजना झाली. आयनू, तैवानचे आदिवासी, ऱ्यूक्यू बेटांतील लोक, कोरियन, चिनी आणि हिंदी अशी ती यादी होती. चिनी विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वकिलातीनें गिल्ला केला, तेव्हां चिनी माणसांचें दालन रद्द झालें. आपण हिंदी वाचकांनीं ही यादी नीट वाचावी. दोनच वर्षांनीं जपाननें रशियाचा पराभव केला, तेव्हां आशियाचा विजय म्हणून आपल्या देशांत केवढा आनंद झाला! परंतु त्या आशियांत स्वतःचें स्थान कोणतें व इतरांचें कोणतें, यासंबंधीं विजेत्याची कल्पना त्या मंडपांत आधींच मांडून ठेविलेली होती.

१९०५ च्या नोव्हेंबरांत जपानी शिक्षणखात्यानें चिनी विद्यार्थ्यांवर नियंत्रण घालणारे नियम काढले. विद्यार्थ्यांनीं वर्गांवर बहिष्कार टाकला. एका प्रमुख वृत्तपत्रानें त्यांची ‘स्वैर व नीच’ अशी संभावना केली. तें वाचून चेन तिएन-ह्वा नांवाच्या तरुण लेखकानें आपल्या बांधवांस उद्देशून एक अखेरचें पत्र लिहिलें आणि ८ डिसेंबर रोजीं ओमोरीच्या किनाऱ्यावर समुद्रांत देह टाकला. स्वकीयांनीं या विशेषणांस अपात्र ठरावें, एवढीच त्याची मागणी होती. छ्यू चिन ही तेजस्वी स्त्री त्याच प्रक्षोभांत शिक्षण सोडून चीनला परतली आणि १९०७ सालीं क्रांतिकटाच्या आरोपावरून तिचा शिरच्छेद झाला.

येथवरचें चित्र पाहून कोणी म्हणेल कीं, जपाननें या मुलांना अपमानाखेरीज कांहीं दिलें नाहीं. तसें असतें तर हा निबंध लिहिण्याचें कारण नव्हतें.

१९०४ च्या सप्टेंबरांत लू शुन वैद्यक शिकण्यासाठीं सेन्दाय येथें गेला. त्या वैद्यकीय विद्यालयांत तो एकटाच चिनी होता. दुर्मिळ वस्तूस मान मिळतो, या न्यायानें त्याचें कौतुक झालें, फी माफ झाली. पहिलें बिऱ्हाड तुरुंगाशेजारीं होतें. डांस इतके कीं तो आपादमस्तक पांघरूण घेऊन श्वासापुरतें नाक उघडें ठेवी. तेथील घरमालक कैद्यांच्या जेवणाचाहि मक्ता चालवी. म्हणून तें स्थान विद्यार्थ्यास शोभत नाहीं असा एका शिक्षकांनीं आग्रह धरला आणि त्याला दुसरीकडे हलविलें. तेथें रोज अळूच्या देठांचें बेचव सार गिळण्याची पाळी आली.

त्याला शरीररचनाशास्त्र शिकविणारे फुजिनो गेन्कुरो हे तेव्हां तिशीचे, पोषाखाविषयीं बेफिकीर असे गृहस्थ होते. त्यांनीं या परक्या मुलाला बोलावून विचारलें कीं, माझीं व्याख्यानें तुला टिपून घेतां येतात काय? वही मागून घेतली आणि दोनतीन दिवसांनीं परत दिली. ती आरंभापासून शेवटपर्यंत लाल शाईनें दुरुस्त केलेली होती. गळलेले मुद्दे भरलेले होतेच, पण व्याकरणाच्या चुकाहि सुधारलेल्या होत्या. हा क्रम फुजिनोंचा विषय संपेपर्यंत आठवड्यामागून आठवडे चालला. एकदां विद्यार्थ्यानें हातांतील रक्तवाहिनीची आकृति सुबक दिसावी म्हणून तिची जागा थोडी हलविली, तेव्हां गुरुजींनीं सौम्यपणें समजावलें कीं, ही चित्रकला नव्हे. वस्तु जशी असेल तशीच काढली पाहिजे.

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला. १४२ विद्यार्थ्यांत लू शुनचा क्रमांक ६८ वा होता. कांहीं सहाध्यायांस हें खरें वाटेना. गुरुजींनीं वहीवर खुणा करून प्रश्न आधींच सांगितले असले पाहिजेत, असा प्रवाद उठला आणि एक निनांवी पत्रहि आलें. दुर्बळ देशाचा माणूस साठाहून अधिक गुण मिळवितो तो स्वतःच्या बळावर नसणारच, या समजुतीची ती बोच त्याला जन्मभर राहिली. यांतील दैवदुर्विलास असा कीं, त्याच्या गुणांची सरासरी ६५.५ होती, आणि तो नापास झाला होता फक्त एकाच विषयांत. तो विषय म्हणजे खुद्द फुजिनोंचें शरीररचनाशास्त्र, गुण ५९.३! वही सुधारणाऱ्या हातानें गुणपत्रिकेंत अर्ध्या गुणाचीहि सवलत दिली नव्हती.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. जंतुशास्त्राच्या तासास वेळ उरला म्हणजे पडद्यावर रशिया-जपान युद्धाचीं चित्रें दाखवीत. एका चित्रांत रशियाचा हेर ठरविलेल्या चिनी माणसाचा वध होत होता आणि भोंवतीं निर्विकार चेहऱ्यांचे चिनी बघे उभे होते. वर्गांत जयघोष झाला. धडधाकट शरीरांच्या पण मन मेलेल्या लोकांस वैद्य काय करणार, असें लू शुनला वाटलें आणि १९०६ सालीं त्यानें वैद्यक सोडून वाङ्मयाची वाट धरली. १९६५ सालीं सेन्दाय येथें त्या चित्रसंचांतील वीसांपैकीं पंधरा कांचा सांपडल्या. त्यांत तें चित्र नाहीं. म्हणून कांहीं संशोधक या प्रसंगाविषयीं शंका घेतात. परंतु पांच कांचा गहाळच आहेत. शिवाय जयघोष करणाऱ्या वर्गांत एकट्यानें बसणें काय असतें, याचा पुरावा कांचेवर उमटत नाहीं.

निरोप घेतांना गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांस बरें वाटावें म्हणून विद्यार्थी खोटें बोलला कीं, मी आतां जीवशास्त्र शिकणार आहें, आपली विद्या उपयोगी पडेल. गुरुजींनीं आपलें छायाचित्र दिलें. मागें ‘वियोगाचें दुःख’ या अर्थाचीं दोन अक्षरें लिहिलीं होतीं. लू शुननें त्यांना पुढें एकहि पत्र धाडलें नाहीं. तें छायाचित्र मात्र पेकिंगच्या घरीं लिहिण्याच्या मेजासमोर टांगलेलें असे, आणि १९२६ सालीं त्यानें गुरुजींवर एक लेख लिहिला. आयुष्याच्या अखेरीस जपानी भाषेंत आपले निवडक लेख निघत असतां हा लेख त्यांत असलाच पाहिजे, असें त्यानें सुचविलें. त्यायोगें गुरुजींचा पत्ता लागेल ही आशा होती.

गुरुजी तेव्हां प्राध्यापक राहिले नव्हते. विद्यालयाचें रूपांतर विद्यापीठांत झालें तेव्हां पदव्या अपुऱ्या म्हणून त्यांना जागा सोडावी लागली, आणि फुकुई प्रांतांत आपल्या गांवीं ते साधी वैद्यकी करूं लागले. १९३६ सालीं लू शुन वारला, त्यानंतरच त्यांना हें सर्व कळलें. त्यांनीं एक छोटी आठवण लिहिली. तींत मोठेपणाचा आव नाहीं. परक्या देशांत आलेल्या मुलाला भाषेची अडचण आहे, म्हणून वर्ग सुटल्यावर थांबून वही सुधारली, एवढेंच; आणि लहानपणीं चिनी ग्रंथ शिकल्यामुळें त्या देशाविषयीं आपल्या मनांत आदर होता, हेंहि त्यांनीं नमूद केलें. त्याच सालीं, १९३७ मध्यें, त्यांच्या देशाच्या फौजा चीनवर तुटून पडल्या होत्या. जपानच्या शरणागतीपूर्वीं चार दिवस, ११ ऑगस्ट १९४५ रोजीं, ते निवर्तले. हरवल्याच म्हणून लू शुननें ज्यांची आशा सोडली होती त्या सहा वह्या १९५१ सालीं शाओशिंग येथें सांपडल्या. लाल शाई अजून वाचतां येते.

याच घरांतली दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. लू शुनचा धाकटा भाऊ चौ त्सो-रेन १९०६ सालीं तोक्योस आला. कांहीं काळ दोघे मित्रांसह नात्सुमे सोसेकी या प्रख्यात कादंबरीकाराच्या पूर्वींच्या भाड्याच्या घरांत राहिले. धाकट्याला जपानी राहणी मनापासून आवडली. चटयांची मोकळी खोली, लांकडी खडावा, साधें अन्न, या सर्वांत त्याला सौंदर्य दिसलें. त्यानें लग्नहि तेथल्याच मुलीशीं केलें. पुढें पेकिंग जपानच्या ताब्यांत गेल्यावर त्यानें आक्रमकांच्या हाताखालच्या सरकारांत शिक्षणखात्याचें पद स्वीकारलें आणि १९४६ सालीं त्याबद्दल त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. एखाद्या देशाचें घरगुती जीवन आवडलें म्हणून मनुष्य देशद्रोही होतो, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण घरावरील प्रेम आणि दरबाराची चाकरी यांमधील सीमा त्याला राखतां आली नाहीं, हें खरें. थोरल्यानें ती राखली. जपानी सत्तेविषयीं त्याला मोह नव्हता आणि एका जपानी माणसाचें ऋण तो कधीं विसरला नाहीं.

आपल्याकडूनहि स्वदेशीच्या काळांत तरुण जपानला गेले. तळेगांव येथें पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ सालीं निघाला, तेव्हां जपानांत ती विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांचें साहाय्य त्यास लाभलें. कारखान्याची हकीकत आपण अभिमानानें सांगतों. तो घडविणारा विद्यार्थी परक्या गांवीं कोणाच्या घरीं राहिला, त्याच्या वहीवर कोणी शाई खर्चिली, हें विचारण्याची आपल्याला संवय नाहीं.

आमच्या महाविद्यालयांतहि दूरदेशचीं मुलें येतात. मागच्या बांकावर बसतात, विनोद झाला म्हणजे इतरांनंतर क्षणभरानें हंसतात. प्रस्तुत लेखकानें तीस वर्षें अध्यापन केलें. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण वही मागून घेतल्याचें एकहि उदाहरण त्याला स्वतःविषयीं सांगतां येत नाहीं. फुजिनो गुरुजींची हकीकत वाचल्यापासून ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली आहे.