अपस्मार, विवाह आणि बडोदे
विवाह हा कायद्याने सुधारण्याचा विषय आहे, हे बडोदे संस्थानाने फार लवकर मानले. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या राजवटीत 1904 साली बालविवाहास प्रतिबंध करणारा निबंध, म्हणजे कायदा, झाला आणि 1931 साली हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाची वाट मोकळी झाली. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी शहरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने येथील मराठी व गुजराती हिंदू कुटुंबे देशभराच्या एकाच नियमाखाली आली.

त्या कायद्याच्या मूळ पाठात अपस्माराचा, म्हणजे मेंदूतील विद्युतक्रिया एकाएकी अनावर होऊन पुनःपुन्हा झटके येण्याच्या विकाराचा, उल्लेख नव्हता. तो 1976 च्या दुरुस्तीने आला : ज्या व्यक्तीला वेडाचे वा अपस्माराचे झटके वारंवार येत आले आहेत, तिचा विवाह शून्यनीय, म्हणजे जोडीदाराच्या अर्जावरून न्यायालयाला रद्द करता येण्याजोगा, ठरला. वेल्लोर येथे जेकब चंडी यांनी अपस्मारावर मेंदूची शस्त्रक्रिया केली ती 1952 साली. वैद्यकाने वाट दाखविल्यावर चोवीस वर्षांनी कायद्याने मागे पाऊल टाकावे, ही गोष्ट खेदजनकच म्हटली पाहिजे. शिवाय शब्दयोजनेचा सरळ अर्थ घेतला, तर झटके शस्त्रक्रियेने थांबले तरी पूर्वायुष्यातील झटके वधूवरांच्या मागे राहतच होते. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर 1999 साली 'अपस्मार' हा शब्द त्या कलमातून वगळण्यात आला.

शस्त्रक्रियेचे फळ केवळ झटक्यांच्या संख्येत मोजता येत नाही, हे याच काळात संशोधकांनाही उमगत गेले. कॅनडातील 2001 च्या चाचणीत 80 रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटातील 58 टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांतील 8 टक्के, वर्षअखेर भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, आणि त्यांच्या जीवनमानाची, म्हणजे काम, नाती, मनःस्वास्थ्य यांची, मोजणीही त्याच चाचणीत झाली. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या 615 प्रौढांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, तेव्हा दहा वर्षांनंतर झटकेमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे 47 टक्के दिसले. म्हणजे निम्म्याहून अधिकांना पुढेही औषधे आणि माणसांचा आधार यांची गरज राहते.

विवाहाप्रमाणे वाहन चालविण्यातही कायद्याचा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये साधारण वर्षभर झटका आला नाही, तर मोटार चालविण्याचा परवाना पुन्हा मिळू शकतो. भारतात शिकाऊ परवान्यासोबतच्या आरोग्यविषयक घोषणापत्रात अपस्माराविषयी विचारणा होते. शस्त्रक्रियेनंतर झटक्याविना किती वर्षे लोटली, हा प्रश्न त्यात नाही.