वॉशिंग्टन पार्क स्थानकांतील दोन लेख

लेख म्हटला कीं तो कागदावर, ताम्रपटावर अगर शिळेवर कोणीं तरी लिहिलेला असावयाचा, अशी आपली समजूत असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगन येथील पोर्टलंड शहरीं एका रेल्वेस्थानकांत दोन लेख पाहावयास मिळतात. त्यांतील एक कोणींच लिहिलेला नाहीं आणि दुसरा चुकीचा उतरला आहे. जुन्या कागदांची पारख करणारांस दोहोंचा विचार उपयोगी पडेल, म्हणून हें टिपण.

पोर्टलंडची ‘मॅक्स’ ही लाइट रेल, म्हणजे ट्राम व उपनगरी आगगाडी यांच्या मधली विजेची गाडी, प्रथम १९८६ सालीं पूर्वेकडे ग्रेशमपर्यंत सुरू झाली. पश्चिमेस बीव्हर्टन व हिल्सबरो या उपनगरांकडे जावयाचें तर मध्यें डोंगर आडवा. सुमारें ३ मैलांचा बोगदा खणून १९९८ च्या सप्टेंबरांत तो मार्ग खुला झाला. बोगद्यांत वॉशिंग्टन पार्क हें एकच स्थानक आहे. वर प्राणिसंग्रहालय आणि त्याखालीं २६० फुटांवर फलाट.

डोंगराची परीक्षा करतांना भोंक पाडून काढलेला खडकाचा लांब गाभा फलाटालगत आडवा मांडला आहे व बाजूस काळाची नोंद केली आहे. तळाचा काळा पाषाण सुमारें १ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. वरचे थर वाऱ्यानें आणलेल्या मातीचे. ज्या पाषाणावर आपण कार्ल्याचे व नाणेघाटाचे लेख वाचतों, त्याचा हा धाकटा भाऊबंद. आपला वयानें सुमारें चौपट. हा झाला अस्सल कागद. त्यास लेखक नाहीं, म्हणून लेखकप्रमादहि नाहीं.

दुसरा लेख मात्र नक्कल आहे. वर्तुळाचा परिघ व व्यास यांचें जें गुणोत्तर, ‘पाय’, तें शंभराहून अधिक अंकांपर्यंत भिंतीवर कोरलें आहे. दशांशचिन्हानंतरचे पहिले दहा अंक, १४१५९२६५३५, बरोबर. पुढें ८९७९३२३८४६ हवे, तेथें ८२१४८०८६५१ आहेत. हे अंक मनचे नव्हेत. ‘पाय’चेच, पण १०१ व्या स्थानापासूनचे. अशा सारण्या दहा-दहा अंकांचे गट पाडून छापतात. ओळींत शंभर अंक असल्यास १०१ वें स्थान पहिल्या गटाच्या नेमकें खालीं येतें. तेव्हां आडवें वाचावयाचें तें उभें वाचलें गेलें, हें उघड आहे. दोन्ही गटांचा आरंभ ८ नें होतो, त्यानेंहि नजर फसली असेल. बखरींच्या नकला तपासणारांस ही घसरण नवी नाहीं. गंमत अशी कीं, जो गाभा उभा होता तो आडवा करतांना क्रम यत्किंचितहि बिघडला नाहीं!

हा पाठ आतां सुधारावा काय? आमच्या मतें नाहीं. छिन्नीनें दुरुस्ती केली तर नक्कल कोणत्या प्रतीवरून झाली याचा पुरावाच नाहींसा होईल. शेजारीं लहान पाटी लावून शुद्ध पाठ द्यावा, इतकें पुरे. तेथें जाणाऱ्या कोणा संशोधकानें मात्र सबंध लेखाचा ठसा घेऊन प्रत्येक गट सारणीशीं ताडून पाहावा. त्यावरून मूळ पृष्ठावरील ओळीची लांबीहि निश्चित करतां येईल.