मोतीबिंदू

डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होण्याचा, बहुधा उतारवयातला विकार. दुखत नाही, पण रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात, सुईत दोरा जाईनासा होतो. पिकल्यावर बाहुलीत मोत्यासारखी पांढुरकी झाक दिसते, म्हणून हे नाव.

थेंबांनी तो विरघळत नाही. सुश्रुतसंहितेत यावर शलाकेने करायच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पारदर्शक छताचे अ‍ॅक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी डोळा ते निमूट सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते.

‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला आता जुना झाला.

काचबिंदू मात्र निराळा: त्यात डोळ्याची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही.