लॅपटॉप घेताय? नुसता 'आय-७' चा स्टिकर बघू नका, पूर्ण नंबर वाचा

सोयाबीनची पट्टी हातात आली की घरात पोरांचा एकच विषय निघतो, लॅपटॉप. दिसायला झकास पाहिजे, पिक्चरला मोठी स्क्रीन पाहिजे आणि कामालाही दमदार पाहिजे. अशा मोठ्या लॅपटॉपची स्क्रीन साधारण १५.६ इंच असते. बऱ्याच मॉडेलला कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं मिळतात, डेअरीचा किंवा दुकानाचा हिशोब भरणाऱ्याला ती फार उपयोगी. वजन मात्र दोन किलोच्या आसपास. रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्याने आधी खांद्याला लावून बघावा.

दुकानात गेलं की ऐकू येतं, "आय-७ आहे, डोळे झाकून घ्या." पैसे इथेच जातात. आय-३, आय-५, आय-७ ही नुसती आडनावं समजा, खरी ओळख पुढच्या नंबरात असते. इंटेलचा जुना आय-७ ७५००यू सातव्या पिढीचा आहे, त्यात फक्त २ कोअर. बाराव्या पिढीच्या आय-३ १२१५यू मध्ये ६ कोअर आहेत. नावाने धाकटा, पण कामात त्या आय-७ च्या बराच पुढे. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेकंडहँड आय-७ स्वस्तात का मिळतो, ते यावरून कळेल.

नंबरातलं शेवटचं अक्षरही बघा. 'यू' असेल तर वीज कमी खातो. 'एच' असेल तर जोर जास्त. व्हिडिओ एडिटिंग, गेम, इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग याला तो बरा, पण तापतो आणि पंखा वाजतो. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॅटचा असतो, गेमिंगवाल्याचा १५०-२०० वॅट किंवा त्याहून मोठा. चार्जर काढला की गेमिंग लॅपटॉपची ताकदही बरीच उतरते. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून बॅटरी किती वॅट-तासाची ते विचारा. ५० वॅट-तासाची बॅटरी असेल आणि हलक्या कामाला १० वॅट लागत असतील, तर पाच तास धरायचे.

फॉर्म भरणं, टायपिंग, पिक्चर यासाठी ८ जीबी रॅम चालते. एडिटिंगला १६ घ्या. पातळ, स्टायलिश मॉडेलमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. हे घेण्याआधीच विचारा. स्टोरेज एसएसडीच असावं. ५१२ जीबी सांगून आत ४७६ दिसली तर भांडू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस बघा. २५० निट्सची स्क्रीन घरात ठीक, ओट्यावर दुपारी बसलात तर स्वतःचंच तोंड दिसतं.

पैसे देण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम दिसते. जुना घेत असाल तर बॅटरी रिपोर्ट काढून मागा; त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता उरलेली, दोन्ही येतात.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या आणि त्यावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या बुडाशी असलेल्या नंबराशी जुळवा. वॉरंटी ऑनसाइट सांगितली तर माणूस आपल्या गावच्या पिनकोडला येतो का, ते कंपनीच्या कस्टमर केअरला दुकानातूनच फोन लावून विचारा.