बरेलीच्या डॉक्टरीणबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी जमाखर्च वाचून दाखवतात, तेव्हा वर्गणीचा आकडा ऐकून पुष्कळजणींना वाटते की, एवढ्याशा पैशांत काय मोठे काम होणार? अशा भगिनींसाठी मी आज एका दूरदेशच्या महिला मंडळाची आणि त्या मंडळाने हिंदुस्थानात पाठवलेल्या एका डॉक्टरीणबाईंची हकिगत लिहीत आहे. त्यांचे नाव क्लारा स्वेन.

१८६९ सालची गोष्ट. अमेरिकेत बोस्टन शहरी मार्च महिन्यात मेथॉडिस्ट पंथाच्या बायकांची एक सभा भरली. त्या दिवशी वादळी पाऊस होता, त्यामुळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बायका आल्या. त्यांत हिंदुस्थानात राहून गेलेल्या दोन मिशनरी पत्नी होत्या, क्लेमेंटिना बटलर आणि लोइस पार्कर. इकडच्या बायकांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी ती सांगितली आणि मूठभर बायकांनी मंडळी स्थापन केली. वर्गणी किती? प्रत्येकीने आठवड्याला दोन सेंट द्यावेत आणि प्रार्थना करावी, एवढीच.

पहिल्याच कामाला पैसे कमी पडू लागले. तेव्हा एकीने सुचवले की, उंची कपडे घेण्यापेक्षा आपण साध्या सुती कपड्यांत रस्त्याने फिरू, पण काम सोडायचे नाही. अशा रीतीने पैसा उभा राहिला आणि दोन बायका हिंदुस्थानला निघाल्या. इझाबेला थोबर्न यांनी लखनौला मुलींची शाळा काढली. तिचेच पुढे मोठे कॉलेज झाले. दुसऱ्या आपल्या स्वेनबाई.

स्वेनबाईंचा जन्म १८३४ चा, न्यूयॉर्क संस्थानातला. दहा भावंडांत त्या धाकट्या. आधी त्यांनी शाळेत शिकवले. पुढे वैद्यकी शिकावी असे मनाने घेतले आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८६९ साली, वयाच्या पस्तिशीत, त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी घर सोडले. आगबोटीने मुंबईस उतरून २० जानेवारी १८७० रोजी त्या बरेलीस पोचल्या. वाटेत सुमारे अकरा आठवडे गेले.

स्त्री डॉक्टरच का हवी होती, हे आपल्याला फोड करून सांगायला नको. त्या काळी उत्तरेकडे पडद्याची चाल फार कडक. घरची बाई कितीही आजारी पडली तरी परक्या पुरुषाने तिला हात लावायचा नाही. बाळंतपण अडले तर सुईण आणि देव, दोघांवर भरवसा. डॉक्टर गावात असूनही बाई घरात मरायची. औषधाअभावी तर बायका जातच होत्या, पण औषध देणारी बाई नाही म्हणूनही जात होत्या.

स्वेनबाईंनी आल्याबरोबर दोन कामे हाती घेतली. एक, घरोघर जाऊन रोगी पाहणे. दुसरे, मुलींना शिकवणे. मार्च १८७० मध्ये त्यांनी १७ जणींचा वर्ग काढला. त्यांत बहुतेक मिशनच्या अनाथालयातल्या मुली होत्या. तीन वर्षांनी सरकारी डॉक्टरांसमोर परीक्षा झाली आणि १३ जणी उत्तीर्ण झाल्या. एकटीने किती घरे हिंडावीत? आपल्यामागे हात तयार केले पाहिजेत, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखले. मला त्यांचे हे मोठेपण औषधाहून अधिक वाटते.

दवाखान्याला जागा हवी होती. मिशनच्या शेजारी रामपूरच्या नबाबाची मोठी मिळकत होती. नबाब मुसलमान, मिशनऱ्यांवर त्यांची मर्जी नव्हती. तरीही १८७१ साली स्वेनबाई आणि मिशनची मंडळी ४० मैलांवर रामपूरला जाऊन त्यांना भेटली आणि बायकांच्या दवाखान्यासाठी जागा विकत मागितली. नबाबांनी ती सुमारे ४० एकर जागा वाड्यासकट बक्षीस देऊन टाकली. १८७३ साली दवाखाना आणि १ जानेवारी १८७४ रोजी रुग्णालय सुरू झाले. आशिया खंडातले बायकांसाठीचे हे पहिले रुग्णालय असे म्हणतात. ते एखाद्या सराईसारखे बांधले होते. रोग्याबरोबर घरची माणसे येऊन राहत, हिंदू बायकांना आपला सोवळ्याचा स्वयंपाक करता येई. आचारविचार बाजूला ठेवा, मग औषध देऊ, असे तेथे नव्हते.

आता एक गोष्ट झाकून ठेवू नये. स्वेनबाई धर्मप्रचारासाठीच आल्या होत्या. औषधाच्या चिठ्ठीमागे बायबलातले वचन छापलेले असे. लोकांना धास्ती वाटे, ती उगीच नव्हे. पण आपल्या माणसांनीही विवेक ठेवला. औषध घेतले, विद्या घेतली, धर्माचे ज्याने त्याने पाहिले. १८८५ साली राजपुतान्यातल्या खेतडीच्या राणीला बरे करण्यासाठी स्वेनबाईंना बोलावणे आले. पुढे राजवाड्याच्या डॉक्टर म्हणून त्यांना तेथेच ठेवून घेतले. आपले धर्मकार्य करू द्यावे ही त्यांची अट राजाने मान्य केली. हे राजे अजितसिंह म्हणजे ज्यांनी १८९३ साली स्वामी विवेकानंदांना अमेरिकेला जायला साहाय्य केले तेच. एकाच दरबारात दोघांचा मान राहिला!

याच विवेकाचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. स्वेनबाई शिकल्या त्याच फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात आनंदीबाई शिकल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तेव्हा ख्रिस्ती व्हा अशी अपेक्षा पुढे आली. ती त्यांनी मानली नाही. १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी सांगितले की, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तसेच त्यांनी केले. दहा दिवसांचे मूल गेल्याचे दुःख त्या माउलीने भोगले होते. स्त्री डॉक्टर का हवी, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या गेल्या. वय अवघे एकवीस.

स्वेनबाई १८९६ साली मायदेशी परतल्या. १९१० साली नाताळच्या दिवशी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे रुग्णालय बरेलीत अजून आहे.

भगिनींनो, आज आपली सून बाळंतपणाला रुग्णालयात जाते आणि तेथे डॉक्टरीणबाई भेटतात, यात आपल्याला नवल वाटत नाही. पण त्यासाठी कुणी पावसात सभेला आले, कुणी उंची वस्त्र घेतले नाही, कुणी वयाच्या पस्तिशीत घर सोडले, कुणी प्राण वेचले. आपला पंथ वेगळा, आपली वाट वेगळी. पण आठवड्याला दोन सेंटांचा धडा आपणही घ्यावा. वर्गणी लहान असली तरी नेमाने द्यावी, आणि ती कोणत्या कामाला लागते यावर डोळा ठेवावा. मंडळाचे काम असेच वाढत राहो, हीच देवाजवळ प्रार्थना.