चार सेंटिमीटरचा गैरसमज

‘लघवीच्या पिशवीत दुर्बीण घालून बघावं लागेल,’ असं डॉक्टर म्हणाले की बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो : दुखेल का? या तपासणीच्या इतिहासात मात्र हा प्रश्न उशिरा येतो. सुरुवातीचा सगळा खटाटोप उजेडासाठीच होता.

1806च्या सुमारास फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनीनं मेणबत्ती आणि आरसा बसवलेलं यंत्र केलं. शरीराच्या पोकळ्यांत डोकावायची ती सुरुवात. 1853मध्ये पॅरिसच्या देसोर्मोनं अल्कोहोल आणि टर्पेंटाइनवर जळणारा दिवा जोडला. उजेड वाढला, तशी भाजण्याची भीतीही. 1879मध्ये माक्स निट्झेनं उजेडाचा उगमच मूत्राशयात नेला : विजेनं तापून उजळणारी प्लॅटिनमची तार, आणि ती निववायला खेळतं पाणी.

बायकांसाठी वेगळी वाट निघाली. 1890च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली रुग्ण बाईला गुडघे आणि छाती टेकवून ओणवं करत. साधी नळी आत गेली की हवा शिरून मूत्राशय फुगायचं आणि परावर्तित उजेडात आतलं दिसायचं. डॉक्टरला छान दिसायचं. बाईनं मात्र तसंच ओणवं राहायचं.

हे जमलं, कारण स्त्रीचा मूत्रमार्ग सरळ आणि जेमतेम 4 सेंटिमीटरचा. पुरुषाचा सुमारे 20. ‘अंतर कमी, म्हणजे त्रासही कमी’ हा समज इथूनच सहज रुजतो. पण वेदना फूटपट्टीनं मोजता येत नाही. तो छोटासा मार्गही नाजूक असतो. जंतुसंसर्गानं सुजलेला असेल किंवा पाळी गेल्यावर कोरडा पडला असेल, तर जास्तच.

वेदनेवरचे उपायही आले. 1884मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरनं कोकेननं डोळा बधिर करून दाखवला आणि जागेपुरती भूल शक्य झाली. 1943मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झालं. आजचं बधिर करणारं जेल त्याचंच. 1954मध्ये हॉपकिन्स आणि मोगाचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. पुढे वाकणाऱ्या दुर्बिणी आल्या.

पण जेल लावून लगेच दुर्बीण घातली, तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. म्हणून टेबलावर झोपण्याआधी विचारावं : जेल लावणार का? किती वेळ थांबणार? दुखलं तर थांबाल ना? उजेडाचा प्रश्न डॉक्टरांनी सोडवला. हे प्रश्न आपण विचारायचे आहेत, आणि ते विचारणं म्हणजे नखरे नव्हेत.