मुलामा : पाऱ्यापासून पातळ क्षारापर्यंत

'मुलामा' हा शब्द आपण आता बहुधा टीकेच्या सुरातच वापरतो. वरून सोन्याचा मुलामा, आत पितळ! पण या शब्दामागे एक जुना, कष्टाचा आणि जिवावर बेतणारा धंदा उभा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर कसा चढवायचा, या एवढ्याशा प्रश्नाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि थोडा अस्वस्थ करणाराही आहे.

वीज हाती येण्यापूर्वी युरोपात सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने देत असत. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो वस्तूवर माखायचा आणि वस्तू निखाऱ्यावर धरायची. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. उडालेला पारा मात्र कारागिराच्या छातीत जाई. काही वर्षांत हात कापू लागत, दात हलू लागत.

पॅरिसमध्ये आंत्वान-आंद्रे राव्रियो नावाचा ब्राँझच्या शोभेच्या वस्तू करणारा नामवंत कारखानदार होता. तो १८१४ साली वारला. मृत्युपत्रात त्याने ३००० फ्रँक बाजूला काढून ठेवले होते. मुलामा देणाऱ्या कामगारांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधील, त्याला ते द्यावेत अशी त्याची इच्छा होती. १८१८ साली हे बक्षीस दार्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळाले. त्याने पारा हद्दपार केला नाही. धूर नीट वर ओढून नेणारी भट्टी तयार केली. तेवढेही त्या काळात थोडे नव्हते.

खरा पर्याय तोवर इटलीत सापडून गेला होता. व्होल्टाने १८०० साली विद्युतघट जगापुढे ठेवला आणि त्याचा सहकारी ब्रुन्यातेल्ली याने १८०५ साली विजेच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोने चढवले. पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे जिनिव्हातल्या द ला रीव्ह या प्राध्यापकाने हाच मार्ग धरला. घड्याळांच्या सुट्या भागांवर मुलामा देणाऱ्या कारागिरांचे हाल त्याने पाहिले होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली पेटंट घेतले. त्यातली कळीची युक्ती जॉन राइट या डॉक्टरची होती. सोन्याचांदीचा क्षार पोटॅशियम सायनाइडच्या पाण्यात विरघळवला, तर थर एकसारखा आणि घट्ट बसतो. कारण सायनाइड धातूला घट्ट धरून ठेवते आणि हळूहळू सोडते.

१८४२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने द ला रीव्ह, एल्किंग्टन आणि रुओल्झ या तिघांना पारितोषिके दिली, आणि तीही आरोग्याला घातक धंदे सुरक्षित करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या निधीतून. म्हणजे पारा गेला म्हणून सायनाइडचा सत्कार झाला! आज आपल्याला हसू येते; पण त्या परीक्षकांपुढे कापणारे हात होते, आणि ते हात थांबणार होते. त्यांचा निर्णय त्यांच्या जागी बरोबरच होता.

पुढे १९२०च्या दशकात चकाकणारे क्रोमियम आले. त्यासाठी वापरले जाणारे षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. एक विष गेले की दुसरे हजर, असा हा क्रम.

आणखी एक अडचण होती, ती साध्या पाण्याची. विजेचा दाब वाढवला की पाणी स्वतःच फुटते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. त्यामुळे ॲल्युमिनियमसारखा धातू पाण्यातून चढवताच येत नाही. मग पाणीच टाळले तर? क्षार वितळवला तर त्यातून वीज वाहते. पण आपले खायचे मीठ वितळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस लागतात.

इथे पॉल वाल्डेन या लॅटव्हियात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव येते. लहानपणीच आईवडील गेलेला हा मुलगा रीगामध्ये शिकला आणि तिथेच प्राध्यापक झाला. १९१४ साली त्याने इथिल अमोनियम नायट्रेट या क्षाराविषयी लिहिले. तो सुमारे १२ अंशांवरच वितळतो, म्हणजे खोलीत ठेवला तरी पाण्यासारखा पातळ! त्याच वर्षी महायुद्ध पेटले. या शोधाला बरीच वर्षे वाली मिळाला नाही.

१९५१ साली टेक्सासमधल्या राइस इन्स्टिट्यूटच्या हर्ली आणि विअर यांनी ॲल्युमिनियम क्लोराइड आणि एक सेंद्रिय क्षार अशा दोन पावडरी एकत्र करून तयार झालेल्या द्रवातून ॲल्युमिनियमचा थर चढवून दाखवला. पण हवेतला ओलावा लागताच तो द्रव बिघडे. हवापाण्यात टिकणारे असे द्रव विल्क्स आणि झावोरोत्को यांनी १९९२ साली जाहीर केले. यांनाच 'आयनिक लिक्विड' म्हणतात.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत आवडतो. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातील अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली कोलीन क्लोराइड आणि युरिया यांचे मिश्रण मांडले. पहिले कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, दुसरे आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचे. पहिल्याचा वितळणबिंदू ३०२ अंश, दुसऱ्याचा १३३; एकास दोन या प्रमाणात मिसळले की १२! आईस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकले की बर्फ शून्याखालीही वितळतो, त्याच जातीची ही करामत. या द्रवात तांब्याची, जस्ताची ऑक्साइडे विरघळतात, आणि विजेने धातू परत मिळवता येतो. २००४ साली याच गटाने कमी घातक त्रिसंयुजी क्रोमियमचा क्षार कोलीन क्लोराइडमध्ये मिसळून क्रोमियमचा थर चढवला.

सगळे प्रश्न सुटले असे मात्र नाही. हे द्रव मधासारखे दाट असतात, त्यामुळे वीज संथ वाहते. ते ओलावा शोषतात. सुरुवातीच्या काही आयनिक लिक्विडना 'हरित' म्हणून गौरवले गेले, आणि नंतर ती पाण्यातल्या जीवांना घातक ठरली. म्हणजे १८४२चा धडा अजून संपलेला नाही.

या सगळ्यांत मला राव्रियोचे मृत्युपत्र अधिक लक्षात राहते. तो शास्त्रज्ञ नव्हता. त्याला उत्तर ठाऊक नव्हते. पण याचा धूर कोणाच्या छातीत जातो, हा प्रश्न त्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या माणसाने विचारला, आणि उत्तरासाठी पैसे ठेवून गेला. नव्या प्रत्येक चकाकीपुढे हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. तो विचारणारे कारखानदार आजही हवे आहेत.

असो. लेख लांबला, इथेच थांबतो.